इन्व्हर्टरची बखर

लोणावळा म्हटलं की माणसाला चिक्की आठवते, धुकं आठवतं, पावसात भिजत खाल्लेलं मक्याचं कणीस आठवतं. वीज कुणालाच आठवत नाही. आठवलीच तर गेलेली आठवते. लोणावळ्याला मुक्काम करून आलेला माणूस सांगतो, "पाऊस काय सुंदर होता हो! लाइट तेवढे रात्रभर नव्हते." वास्तविक याच मुलखातल्या पावसानं शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या पळवल्या. पळवल्या म्हणजे चालवल्या. दुसऱ्या अर्थानं त्या पळाल्या १९८२च्या संपानंतर, पण त्यात पावसाचा काही हात नव्हता. तर अशा या विजेच्या माहेरी जाताना आज आपल्याला बॅटरी आणि इन्व्हर्टर बरोबर बांधून न्यावा लागतो. माहेरी जाताना शिदोरी नेण्यातलाच हा प्रकार.

हा विषय निघाला माझ्या मेव्हण्यामुळे. त्यानं दोन रात्रींसाठी एक कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ठरवलं. आत झोपायला फळ्या, एक ओटा, एक बेसिन आणि पुष्कळशी कपाटं. पवनेच्या काठी गाडी उभी करायची, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. सगळं जमलं होतं, फक्त गाडीतला इन्व्हर्टर आपला आपण बसवून घ्यायचा होता. "भावोजी, तुम्ही बँकेत आहात. हिशेबाचं काम तुम्हीच करा," असं म्हणून त्यानं ते माझ्यावर सोपवलं. बँकेतल्या माणसाला सगळेच हिशेब येतात ही समजूत आमच्या बँकेचा ताळेबंद न वाचणाऱ्यांत अजून टिकून आहे.

मी दुकानात जाण्याआधी इतिहासात गेलो. मराठी माणसाला साधं पितळी पातेलं घ्यायचं असलं तरी तो आधी विचारतो, "दुकान कोणत्या सालचं?" मग इन्व्हर्टरसारखी वजनदार वस्तू मुळं न शोधता कशी घ्यायची? आणि गंमत अशी की ती मुळं शोधता शोधता मी फिरून फिरून बोरघाटातच येऊन पोचलो.

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, मी कॉमर्सचा पदवीधर आहे, फार खोल जाण्याची माझी ऐपत नाही.

वीज दोन तऱ्हांची. डी.सी. आणि ए.सी. डी.सी. एकाच दिशेनं जाते. निवृत्त होऊन कायमचा कोकणात निघालेला माणूस जसा, तशी. ए.सी. म्हणजे डेक्कन क्वीनचा पासवाला. सकाळी गेला, संध्याकाळी आला. जन्मभर जाऊन-येऊन असतो, कुठेच कायमचा पोचत नाही, पण त्याच्या या येरझाऱ्यांवर दोन शहरांचा कारभार चालतो. आपल्या घरातली वीज असे हेलपाटे सेकंदाला पन्नास वेळा घालते. बॅटरीत मात्र फक्त डी.सी. साठते, आणि मिक्सर, टीव्ही ही मंडळी पडली ए.सी.वर वाढलेली. दोघांच्या मध्ये बसून डी.सी.ची ए.सी. करून देतो तो इन्व्हर्टर. तो आमच्या कॅशियरसारखा आहे. पाचशेची नोट घेऊन सुटे देतो, स्वतः नोटा छापत नाही. इन्व्हर्टर वीज निर्माण करतो अशी समजूत फार घरांत आहे, आमच्याही होती. "मोठा इन्व्हर्टर घ्या म्हणजे जास्त वेळ चालेल," हे वाक्य म्हणजे "मोठ्या खिडकीतून पैसे काढा म्हणजे खात्यात जास्त शिल्लक राहील," असं म्हणण्यापैकी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत या दोन विजांवरून मोठं भांडण झालं. एडिसनसाहेब डी.सी.च्या बाजूनं, वेस्टिंगहाउस आणि टेस्ला ए.सी.च्या. जिंकली ए.सी., कारण ट्रान्सफॉर्मर लावून तिचा दाब वाढवता येतो आणि मग ती लांबवर फारशी न गळता जाते. त्या काळी डी.सी.ला हे जमत नसे. या भांडणाशी लोणावळ्याचा संबंध काय, असं आपण विचाराल. संबंध असा, की ए.सी. हरली असती तर लोणावळ्याचं पाणी खोपोलीलाच दिवे लावून थांबलं असतं. मुंबईपर्यंत पोचलं नसतं.

ते पोचलं १९१५ साली. घाटावरच्या पाण्यावर वीज करून मुंबईला न्यायची हा जमशेटजी टाटांचा ध्यास. ते १९०४ मध्ये गेले. कंपनी उभी राहिली १९१०ला, १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला धरणाची पायाभरणी झाली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. योजना ऐकायला अगदी सोपी. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत अडवायचा, आणि मग वर्षभर तो मोठमोठ्या नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली, खोपोलीला सोडून चाकं फिरवायची. पावसाळ्यात भरून ठेवायचं आणि उरलेले आठ महिने पुरवून पुरवून वापरायचं. म्हणजे बॅटरीच की! फक्त तिच्यात डिस्टिल्ड वॉटर वरुणराजा घालतो. लोणावळ्याला येणारे प्रवासी वळवणच्या धरणापाशी फोटो काढतात. आपल्या पाठीमागे मुंबईची एक शंभर वर्षांची जुनी बॅटरी आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

एक बॅटरी पुरली नाही. मुंबईची भूक वाढली. आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२ला भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. तिसरी बॅटरी बसवायची ठरली मावळच्या शेजारी, मुळशीला. पण तिथे रिकामी जागा नव्हती. तिथे गावं होती, देवळं होती, आंबेमोहोराची खाचरं होती. १८९४च्या जमीन संपादनाच्या कायद्यानं सरकारनं त्या जमिनी कंपनीसाठी घ्यायला काढल्या. १९२१च्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिलला, मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि तिथूनच ते 'सेनापती' बापट झाले. बाया-माणसं कामाच्या जागी जाऊन बसली, तुरुंगात गेली. १९२४ पर्यंत हे चाललं. धरण झालंच. १९२७ला भिऱ्याचं वीजघर चालू झालं आणि मुंबईत आणखी दिवे लागले.

मला या इतिहासात एक गोष्ट राहून राहून खुपते. बॅटरी कुठे ठेवायची आणि तिच्यावर काय काय चालवायचं, हे ठरवताना ज्यांच्या घरात ती ठेवायची त्यांना कुणी विचारलं नाही. गिरणीला वीज लागते हे खरं. माझे आजोबा-पणजोबा त्याच मुंबईत दिव्याखाली शिकले हेही खरं. पण मुळशीच्या शेतकऱ्यानं ना गिरणी काढली होती, ना त्याच्या घरात दिवा लागणार होता. उजेड मुंबईकडे आणि पाणी त्याच्या अंगणात, अशी ती वाटणी होती.

आता घाटात परत येऊ, कारण इन्व्हर्टरची खरी जन्मकथा रुळांवर आहे.

बोरघाटातून आगगाडी धावू लागली १८६३ला. चढ असा, की ३७ फुटांमागे एक फूट वर. वाफेच्या इंजिनांची त्यात दमछाक व्हायची. खंडाळ्याजवळ तर गाडीला थांबून, इंजिन उलट्या टोकाला लावून, मग पुढे जावं लागे. १९२९ला ही कसरत संपली, त्याच साली पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या आणि १ जून १९३०ला डेक्कन क्वीन सुरू झाली. ही वीज होती १५०० व्होल्टची डी.सी. वीजघरात ए.सी. तयार होई, ती वाटेतल्या उपकेंद्रांत डी.सी. करून तारेत सोडत. 

त्या वेळी मालगाड्यांसाठी जी इंजिनं आणली त्यांना रेल्वेतली माणसं 'खेकडा' म्हणत. लांबलचक नाकाडं पुढे-मागे, मध्ये केबिन. साहेब लोक त्यांना मगर म्हणत, पण आपल्याकडे डोंगरात राहणारा तो खेकडा. माझे सासरे लोणावळ्याला रेल्वेत होते. ते नोकरीला लागले तेव्हा हे खेकडे म्हातारपणाला टेकले होते, पण त्यांचं नाव काढलं की सासऱ्यांच्या चेहऱ्यावर अजून उजेड पडतो, तोही विनाबॅटरी. या खेकड्याचा एक गुण असा, की घाट उतरताना त्याच्या मोटारी उलटं काम करत. गाडीला आवर घालता घालता वीज तयार करून ती परत तारेत ढकलत. तीच वीज त्या वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. उतरणारी गाडी ठेव ठेवते आणि चढणारी कर्ज काढते. इतका सुरळीत व्यवहार मी आमच्या शाखेतही पाहिलेला नाही.

ए.सी.ची डी.सी. करायला त्या काळी रोटरी कन्व्हर्टर नावाचं फिरतं धूड असे. कुणीतरी पाहिलं, की हेच धूड उलटं चालवलं तर डी.सी. घालून ए.सी. बाहेर काढता येते. उलटवलेलं म्हणून ते 'इन्व्हर्टेड'. १९२५ साली डेव्हिड प्रिन्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या मासिकात 'द इन्व्हर्टर' असा लेखच लिहिला. आणि त्याच १९२५ सालच्या ३ फेब्रुवारीला बोरीबंदरहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची आगगाडी धावली होती. पुढे १९५७ला थायरिस्टर आला आणि धुडाचं काम खोक्यात मावू लागलं. आता मुंबई-पुण्याच्या तारांतली डी.सी. जाऊन २५,००० व्होल्टची ए.सी. आली आहे, आणि घाटातून जाणाऱ्या नव्या इंजिनांच्या पोटातच इन्व्हर्टर बसलेला असतो.

आपल्या घरात तो आला भारनियमनाच्या काळात, २००५च्या सुमारास. काय गोड शब्द काढला होता! दिवसाचे कित्येक तास वीज नाही, याला नाव 'भारनियमन'. जसं काही आमच्याच डोक्यावरचा भार कुणी नियमित करतंय. तेव्हापासून मराठी दिवाणखान्यात टीव्हीच्या बाजूला एक काळी बॅटरी आली, तिच्यावर क्रोशाचा रुमाल आला, आणि रुमालावर फुलदाणी आली. दर दोन-तीन महिन्यांनी तिला पाणी पाजायचं काम घरातल्या कर्त्या पुरुषाकडे. हे खातं तेवढं आमच्याकडे अजून आहे.

इतका इतिहास पचवून मी दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "किती व्हीएचा देऊ?" इथे ग्राहकानं सावध राहावं. व्हीए म्हणजे ढोबळ पगार आणि वॅट म्हणजे कापाकापी होऊन हातात पडतो तो. हजार व्हीएच्या इन्व्हर्टरवर हजार वॅट चालत नाहीत, सातआठशेच्या आसपास चालतात. दुसरं, लाट कसली ते विचारावं. स्वस्त इन्व्हर्टर ए.सी. देतो खरा, पण धक्क्याधक्क्यानं. कुणी झोपाळा हळुवार झुलवावा आणि कुणी ढकलून ढकलून हलवावा, तेवढा फरक. दिव्याला ते चालतं. पंखा मात्र त्यावर गुणगुणतो आणि नाजूक यंत्रं तापतात. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर महाग पडतो, पण झोपाळा नीट झुलतो.

नाजूक यंत्राचा प्रश्न आमच्याकडे होताच. सासऱ्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री ते नाकाला यंत्र लावून झोपतात. हौसेच्या यादीत एकच गरज होती ती ही, आणि ती यादीत कुणी लिहिली नव्हती, कारण सासऱ्यांना मागायची सवय नाही.

मी घरात बैठक बोलावली. म्हटलं, "आपल्याला ए.सी. लागणार." मुलगी टाळ्या पिटू लागली. तिला थंड हवेचा ए.सी. वाटला. तिची समजूत घालून कागद घेतला आणि प्रत्येकाला काय हवं ते विचारलं. सौ.ला इंडक्शनची शेगडी आणि मिक्सर. मुलीला केस वाळवायचं यंत्र. मुलाला टीव्ही. मेव्हण्याला लहान फ्रिज, कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही आणि सासऱ्यांसमोर मीही विचारलं नाही. सहा माणसांचे फोन सात.

मग मी खतावणी मांडली. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की १,८०० वॅट-तास. पण साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतली निम्मीच वीज काढावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. राहिले ९००. इन्व्हर्टर अदलाबदलीचं कमिशन कापतो, ते धरून हातात सुमारे साडेसातशे. ही झाली एका रात्रीची शिल्लक. इंडक्शनची शेगडी २,००० वॅटची. म्हणजे भात होईल आणि वरणाला उकळी येईपर्यंत खातं बंद. शिवाय तेवढ्या ओझ्याला १२ व्होल्टच्या बॅटरीतून पावणेदोनशेहून जास्त अँपिअर ओढावे लागतात, त्याला अंगठ्याएवढी जाड केबल लागते. फ्रिज सुरू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या खाण्याच्या कित्येक पट वीज मागतो. पंगतीला आलेल्या आडदांड व्याह्यासारखी त्याची पहिली वाढच भारी. आणि मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काहीही जोडलं नाही, तरी तो स्वतःसाठी वीस-पंचवीस वॅट खात बसतो. मुख्य कार्यालयात असे साहेब असतात.

सासऱ्यांचं यंत्र ४० वॅट, आठ तास, ३२०. फोन १०५. पाच-पाच वॅटचे चार दिवे पाच तास, १००. एक छोटा पंखा रात्रभर, १६०. बेरीज ६८५. दिवे आणि पंखा १२ व्होल्टचेच घेतले तर ते थेट बॅटरीवर चालतात, इन्व्हर्टरचं कमिशनही वाचतं. खातं जुळलं. टीव्ही, मिक्सर, फ्रिज, केस वाळवणं हे सगळे अर्ज नामंजूर. स्वयंपाक गॅसवर, चटणी घरून वाटून. आता सातशे व्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर पुरून उरतो. बॅटरी गाडीच्या इंजिनाची वापरायची नाही, वेगळी घ्यायची. नाहीतर सकाळी गाडी ढकलायला मावळे गोळा करावे लागतील. बॅटरीजवळ फ्यूज, आणि तिचा वायू बाहेर जायला वाट हवी. दुसऱ्या दिवशी गाडी दोन-तीन तास फिरवली की खर्चातला बराचसा भाग डायनॅमोवर भरून निघतो. छतावर सोलर पॅनेल बसवायची सूचना आली होती, पण लोणावळ्यात जून ते सप्टेंबर सोलर पॅनेल म्हणजे महागातली छत्री.

मुलगा रुसला. सासरे त्याला म्हणाले, "अरे, घाट उतरताना जी आपण परत दिली तेवढीच वीज आपली. बाकी सगळी दुसऱ्याची उधार." मग माझ्याकडे वळून, "जावईबापू, माझं यंत्र वगळलं तरी चालेल हो, दोनच रात्री आहेत." ते मात्र कुणीच ऐकून घेतलं नाही. ज्यांना मागता येत नाही त्यांचं आधी लिहायचं आणि मग उरलेल्यांनी वाटून घ्यायचं, हा नियम आमच्या घरात एका कागदावर दहा मिनिटांत ठरला. मुळशीत तो तीन वर्षांतही ठरला नाही.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, तेव्हा अशा गाड्या आता वाढणारच. पवनेच्या काठी तंबूंची तर गावंच्या गावं वसली आहेत. ते धरण १९७२चं. त्याच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढलं, आणि त्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. त्या पाण्याच्या काठावर आपण दोन हजार वॅटचा झगमगाट करून गाणी लावावीत, हे मला तरी जड जातं. म्हणून रात्री दहानंतर दिवे बंद, असंही मी बैठकीत मंजूर करून घेतलं. सासऱ्यांचं यंत्र तेवढं चालू राहील, बाकी सगळ्यांनी बाहेर बसून तुंग-तिकोन्याकडे पाहायचं.

"अहो, पण अंधारात दिसणार काय?" सौ.नं विचारलं.

मी सेनापती बापटांपासून सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात मेव्हणा म्हणाला, "भावोजी, अंधारच पाहायचा होता तर गाडीचं भाडं कशाला भरलं? आमच्या सोसायटीत पहिला पाऊस पडला की फुकट दाखवतात."